बेसमेंटमधला लोखंड्या

आमच्या घरात जमिनीतून यंत्रमानव बोलतो, आणि तो नागपूरचा आहे.

सकाळी मी चहा घेऊन खिडकीशी बसते. बाहेर स्कारबरोचा बर्फ, ड्राइव्हवे अजून कोणी शोव्हल केलेला नाही. आणि पायाशी, जमिनीतल्या हीटरच्या जाळीतून, पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज वर येतो, "काहून बे केन्जी, एकटाच कुठी चालला? थांब. मी येऊन राहिलो." मग पत्र्यावर काहीतरी आपटतं. मग शांतता. मग तोच आवाज, पण पिंपाबाहेरचा, "खोकला आला. परत."

हे आमचे घरमालक मुकुंद खानझोडे. नागपूरच्या महाल भागातले. तरुणपणी इंजिनिअर म्हणून कॅनडात आले आणि निवृत्त होईपर्यंत दुसऱ्यांच्या इमारतींत ऊब कशी पोचवायची याचे नकाशे काढत राहिले. टोरांटोत घरमालकाने वर राहायचं आणि बेसमेंट भाड्याने द्यायचं अशी रीत आहे. काकांनी मला वरचा उजेडाचा भाग दिला आणि स्वतः बेसमेंटमध्ये गेले, कारण बेसमेंटमध्ये त्यांचा स्टुडिओ आहे.

स्टुडिओ हा त्यांचा शब्द. मला दिसलं ते असं: घर तापवणारा फर्नेस आणि वॉशिंग मशीन यांच्या मधल्या जागेत दोरीवर टांगलेल्या रजया. रजयांच्या आत एक खुर्ची, एक माइक, एक कॉम्प्युटर आणि पत्र्याच्या पाइपचा एक तुकडा. रोबोचं वाक्य आलं की काका तो पाइप तोंडाशी धरतात. इथे बसून ते एक जुनं जपानी कार्टून मराठीत आणत आहेत. एखादा भाग नव्हे, अख्खी मालिका. केन्जी नावाचा शाळकरी मुलगा, खानावळ चालवणारी त्याची आई, आणि भंगारात सापडलेला एक अवाढव्य रोबो. रोबोचं जपानी नाव काही असेल, काका त्याला लोखंड्या म्हणतात. मुलगा, रोबो, गिऱ्हाईकं, शाळामास्तर, दुष्ट सेनापती, सगळ्यांचे आवाज ते स्वतः काढतात. फक्त आईचा आवाज त्यांचा नाही.

फर्नेस चालू झाला की माइकमध्ये घरघर येते. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी काका फर्नेस बंद करतात. जानेवारीत. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी बेसमेंटच्या दारावर पत्रक चिकटवलं: भाडेकरूला ऊब देणं ही घरमालकाची मेहेरबानी नाही, कायद्याने ठरलेली जबाबदारी आहे. पत्रकं लिहिणं हे माझं कामच आहे, त्यामुळे त्यात धमकी होती, मागणी होती आणि अधोरेखित शब्द होते. काका वर आले आणि दारात उभं राहून म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. पण लोखंड्या पुलाखाली अडकला आहे ना. त्याला काढतो अन् हीटर लावतो." आणि हातातला स्वेटर मला देऊन खाली गेले. जुना, कंपनीने दिलेला स्वेटर होता. छातीवर 'माइक' असं भरलेलं होतं. ऑफिसात कोणाला मुकुंद म्हणता येईना, म्हणून नोकरीभर ते माइक होते.

आमची ओळखसुद्धा भांडणातूनच झाली.

मुलांना गिऱ्हाईक बनवणाऱ्या जाहिरातींविरुद्ध आमचा एक छोटा गट होता, अजून आहे. त्या वर्षांत जिकडे बघावं तिकडे जपान होतं. शाळेच्या मैदानात मुलं जपानी चित्रांच्या कार्डांची अदलाबदल करत, आणि चांगलं कार्ड हातचं गेलं की घरी जाऊन जेवत नसत. मॉलमध्ये नाणं घातलं की प्लास्टिकचं अंडं देणारी यंत्रं होती. अंड्यातून कोणती बाहुली निघेल ते नशीब. म्हणजे जुगारच, फक्त बुटक्या माणसांसाठी. शनिवारी सकाळी टीव्हीवर कार्टून लागे, ते थांबलं की त्याच कार्टूनमधल्या खेळण्याची जाहिरात, आणि पहिलं कुठे संपलं नि दुसरं कुठे सुरू झालं ते मुलांना कळत नसे. ते कळू नये हाच धंदा. इथल्या मराठी मंडळातले आईबाप म्हणत, "जपानी आहे ना, मग क्वालिटी असणार," जसं काही टोस्टर घ्यायचा आहे. त्यांचीच मुलं रविवारच्या मराठी वर्गात चार ओळी वाचताना आजारी पडत, आणि बाकाखाली शेवटच्या पानापासून सुरू होणारी जपानी कॉमिक्स सपाट्याने संपवत.

एटोबिकोत विमानतळाजवळच्या एका हॉटेलात या कार्टूनवेड्यांचा मेळा भरला, तेव्हा आम्ही दाराबाहेर पत्रकं वाटायला उभे राहिलो. रांगेत निळे केस, पुठ्ठ्याच्या तलवारी, शेपट्या लावलेली कॉलेजची मुलंमुली. आणि त्यांच्या मधोमध माकडटोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ. त्यांनी माझ्या हातून पत्रक घेतलं आणि तिथेच उभं राहून शेवटपर्यंत वाचलं. माझं पत्रक शेवटपर्यंत वाचणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मग माझ्या बॅजवरचं नाव पाहून मराठीत म्हणाले, "पुण्याच्या का?"

"हो. कशावरून?"

"जागोजागी प्लीज लिहिलं आहे, अन् विनंती कुठीच वाटून नाही राहिली."

मी म्हटलं, मजकुराबद्दल काही म्हणणं असेल तर सांगा.

"आहे ना. तुम्ही लिहिता, जपानी कार्टून हिंसक असतात. हे तुम्ही इथल्या टीव्हीवर पाहून लिहिलं. इथल्या लोकांनी त्यात मारामारी ठेवली, बाप्पा. काढलं ते मरण."

रांग पुढे सरकत होती. काका रांगेतून बाहेर आले आणि त्यांनी मला सगळी तक्रार सांगितली. केन्जीची आई डब्यात भाताचे गोळे देते. इथला टीव्ही त्याला सँडविच म्हणतो. "पांढरं, गोल, वर काळी पट्टी. असं सँडविच कोणत्या गावात मिळते?" घरात शिरताना केन्जी दारात बूट काढतो, तो तुकडाच कापतात, वेळ वाचतो. माँट्रियलच्या फ्रेंच टीव्हीवर केन्जीचा आंद्रे झाला, टोरांटोत केव्हिन. आणि मालिकेच्या मध्यावर केन्जीची आई मरते. "तर इथे म्हणे ती समुद्रावर हवापालटाला गेली. मग पोट्टं पुढचे सगळे भाग रडत काहून फिरते? हवापालटासाठी? मुलांना सांगा ना सरळ. जे आहे ते आहे."

'जे आहे ते आहे' हे त्यांचं घोषवाक्य. बर्फाने गाडी गाडली गेली, जे आहे ते आहे. डॉक्टरांनी गोड बंद केलं, जे आहे ते आहे. आणि हे म्हणताना हातात बेसनाचा लाडू, कारण लाडूही आहेच.

मला त्या दिवशी नवं पत्रक सापडलं. मारामारीचं खेळणं करून विकता येतं, दुःखाचं येत नाही. म्हणून दुकानदाराला कार्टूनमधली तलवार चालते आणि रिकामी खाट चालत नाही. आजवर मी यापेक्षा खरं वाक्य लिहिलेलं नाही, आणि त्याचा अर्धा मालक माकडटोपीतला माणूस आहे. त्यांना भाडेकरू हवा होता, मला खोली. महिन्याच्या शेवटी मी सामान घेऊन स्कारबरोला आले.

आता काकांचं भाषांतर इथल्या टीव्हीपेक्षा किती प्रामाणिक होतं, तेही सांगायला हवं. मी एकदा खाली बसून एक भाग पाहिला. केन्जी डबा उघडतो आणि आनंदाने म्हणतो, "आज गोळाभात!"

"काका, हा गोळाभात नाही. गोळाभात तुमच्या विदर्भातला. त्यात बेसनाचा गोळा असतो."

"भात आहे?"

"आहे."

"गोळा आहे?"

"आहे, पण..."

"मग काय राहिलं?"

दुष्ट सेनापतीचं तर विचारूच नका. तो शहरावर हल्ला करण्यापूर्वी म्हणतो, "आम्ही दुपारी एक ते चार कोणाला भेटत नाही. आपण नंतर शरण या." संपूर्ण मालिकेत एकच पात्र शुद्ध पुणेरी बोलतं, आणि त्याला जग नष्ट करायचं आहे. मी निषेध नोंदवला. काका म्हणाले, "मूळ जपानीतही तो फार सभ्य बोलते. मी काय करू?"

हे सगळं सुरू झालं माँट्रियलमध्ये, त्यांची मुलगी मुग्धा लहान असताना. घरात काका, शैलाकाकू आणि मुग्धा. टीव्हीवर हे कार्टून लागे, फ्रेंचमध्ये. मुग्धाला शाळेमुळे थोडं कळे, नवराबायकोला शून्य. मग शैलाकाकूंनी शक्कल काढली, टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि आपणच मराठीत बोलायचं. काका रोबो, काकू आई, मुग्धा केन्जी. गोष्ट मनानेच. भांडी घासून हात पुसत काकू यायच्या आणि पडद्यावरच्या आईने तोंड उघडलं की जे सुचेल ते बोलायच्या. एके दिवशी कार्टूनमधली आई दिसेनाशी झाली. काय झालं ते फ्रेंच टीव्हीने सांगितलं असेल, यांना कळलं नाही. शैलाकाकू म्हणाल्या, "माहेरी गेली असेल. येईल." खानझोड्यांच्या घरात ती बाई तेव्हापासून माहेरीच होती.

त्या काळी नागपूरला पत्रांऐवजी कॅसेट पाठवायची पद्धत होती. इकडचे लोक अर्धा तास घरातले आवाज रेकॉर्ड करून पोस्टाने धाडत, तिकडे सगळे जमून ऐकत. काका कार्टूनच्या वेळी टेपरेकॉर्डर चालू करून ठेवत, म्हणजे वेगळं काही बोलावं लागत नसे. काही आठवड्यांनी महालातून त्यांच्या वडिलांची कॅसेट आली. प्रकृती, शेजार, सुपारीच्या अडकित्त्याचा आवाज, आणि मग गंभीरपणे, "मुकुंदा, हे लोखंडे तुमच्याकडे उतरले आहेत ते कोण? कोणत्या गावचे? फार मोठ्यानं बोलतात. मुलीच्या अभ्यासावर परिणाम होईल."

काका ही गोष्ट ज्याला त्याला सांगतात. वडील गेल्यावर त्या सगळ्या कॅसेटी नागपूरहून परत आल्या, हे मात्र एकदाच म्हणाले.

शैलाकाकू मी राहायला येण्याच्या थोडं आधी गेल्या. त्यानंतर लगेचच, त्या मेळ्याच्या आधी, काकांना एका दुकानात ही मालिका डीव्हीडीवर मिळाली. पूर्ण, न कापलेली, जपानी आवाज आणि खाली इंग्रजी ओळी. तेव्हा त्यांना कळलं की केन्जीची आई माहेरी गेली नव्हती आणि समुद्रावरही नाही. "इतकी वर्षं मला फसवलं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोरी आणून रजया टांगल्या.

आणि आईचा आवाज.

जाळीतून तो पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं, खाली कोणी बाई आल्या आहेत. मध्यमवयीन, किंचित थकलेला, मागे नळाचं पाणी. "हात धुतले का?" थोड्या वेळाने, "दार लोटून घे, वारं येते." मग, "अंधार पडायच्या आत ये बरं." दोन दिवसांनी पुन्हा तेच, त्याच चालीवर, नळाच्या त्याच पाण्यासकट.

मी काकांना विचारलं, "आईचं काम कोण करतं?"

"एक बाई आहेत."

"बऱ्या बोलतात. त्यांना अजून थोडी वाक्यं द्या ना. सारखं हात धुणं आणि दार लोटणं."

"वाक्यं कमी आहेत त्यांच्यापाशी." काका माइकची वायर तपासत होते. "त्या आता नवीन काम घेत नाहीत."

मी म्हटलं, असतात असे कलाकार.

मुग्धाताई टोरांटोजवळ वॉनला राहतात. मोठं घर, दोन मुलं, नवरा कायम मीटिंगमध्ये. महिन्यातून एखाद्या रविवारी येत आणि कोट न काढता सोफ्याच्या कडेवर बसत. काका मराठीत विचारत, त्या इंग्रजीत उत्तर देत.

"जेवून जाशील ना?"

"वी एट, बाबा. डिड यू शोव्हल द ड्राइव्हवे युअरसेल्फ अगेन?"

"थोडंसंच."

"यू आर इम्पॉसिबल."

एकदा जाताना माझ्याशी दारात बोलल्या. "ही इज डबिंग कार्टून्स. इन मराठी. फॉर हूम? टेल मी." मला त्यांचा राग आला आणि मी तो लपवला नाही. म्हटलं, तुम्ही मराठीत उत्तर दिलंत तर त्यांना श्रोता मिळेल. त्यांनी किल्ल्या शोधल्या आणि गेल्या. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "तिचं मराठी आईसोबत होतं. स्वयंपाकघरात. माझ्याशी पहिल्यापासून इंग्रजी. गणितं, फॉर्म, ड्रायव्हिंग. आता स्वयंपाकघर नाही. जे आहे ते आहे."

त्या हिवाळ्यात मी ठरवलं की काकांचं काम लोकांना दाखवायचं. लायब्ररीचा खालचा हॉल मिळवला, मंडळातल्या मुलांना बोलावलं, आणि पत्रक काढलं: 'काटछाट नको. मुलांना खरं सांगा.' दाखवायचा भाग उघडच होता, आई जाते तो. मराठी वर्ग चालवणाऱ्या दामलेबाईंनी फोन केला. "अहो, मुलं रडतील. काहीतरी गमतीचं दाखवा ना, ते पुणेरी बोलणारं वगैरे." मी फोन काकांकडे दिला.

"रडू द्या ना, बाई," काका म्हणाले. "मूळ गोष्टीत आहे, तसंच्या तसं दाखवीन. एक फ्रेम कापणार नाही. शब्द देतो."

शब्द दिला आणि काम थांबलं. म्हणजे बाकी सगळं होत होतं. लोखंड्या पुढच्या भागात उडाला, त्याच्या पुढच्या भागात समुद्रात पडला, सेनापतीने दुपारची झोप मोडल्याबद्दल दोन गावं जाळली. मधला तो एक भाग मात्र तसाच. आधी कारण घशाचं, मग माइकचं, मग फर्नेसचा फिल्टर. मी रोज विचारायची. पत्रकं वाटून झाली होती, मंडळात तारीख जाहीर झाली होती, आणि पत्रकावर 'काटछाट नको' हे शब्द सर्वांत मोठ्या अक्षरात होते.

"अडलंय कुठे?"

"आईपाशी."

"त्या बाई येत नाहीत? मग मी म्हणते आईची वाक्यं."

काकांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "पुणेरी आई? केन्जी पहिल्याच भागात घर सोडून जाईन."

"काका, मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही." ते जरा वेळ पाइपचा तुकडा हातात फिरवत राहिले. "या भागात तिला बोलायचं नाही फारसं. तेच अडलं आहे."

मला ते कळलं नाही. मी म्हटलं, मग तर सोपं आहे.

कार्यक्रमाच्या सकाळी त्यांनी डिस्क माझ्या हातात ठेवली. वर पेनाने लिहिलं होतं, 'झालं.'

हॉल भरला. मुलं जमिनीवर, आईबाप खुर्च्यांत, दामलेबाई पहिल्या रांगेत टिश्यूचा डबा घेऊन. मुग्धाताईही आल्या, कारण मीच फोन करून म्हटलं होतं की एकदा तरी या. मागच्या भिंतीपाशी, दोन्ही मुलांना घेऊन, कोट अंगात. मी सुरुवातीला थोडं बोलले, थोडं म्हणजे माझ्या मानाने. बाजार मुलांपासून काय काय लपवतो, आणि हा माणूस ते लपवत नाही. काका प्रोजेक्टरमागे उभे होते. त्यांनी मान वर केली नाही.

भाग सुरू झाला. गोळाभातावर मुलं हसली, सेनापतीवर आईबाप हसले. मग आई आजारी पडली. केन्जी डबा घेऊन हॉस्पिटलच्या लांब जिन्यावरून धावत वर येतो. खिडकीबाहेर लोखंड्या गुडघ्यावर बसून आत पाहतो आहे. केन्जी दार सरकवतो. खाट रिकामी, चादर घडी केलेली. पडद्यावर हे जसंच्या तसं होतं, एक फ्रेम कापलेली नव्हती. दामलेबाईंनी टिश्यूचा डबा उघडला. दारात नर्स येते आणि काहीतरी सांगायला तोंड उघडते.

नर्सचा आवाज आला नाही. नळाचं पाणी आलं. आणि पडद्याबाहेरून कुठूनतरी, किंचित थकलेल्या आवाजात, "हात धुतले का?"

मूळ चित्रात केन्जी नर्सकडे मान वळवतो. इथे तो त्या आवाजाकडे वळला.

नंतर काकांनी बारीक आवाजात केलेलं केन्जीचं उत्तर होतं, ते मला ठाऊक आहे, कारण पुढे मी तो भाग पुन्हा पाहिला. पण त्या दिवशी ते कोणाला ऐकू आलं नाही. त्याच्या आधी मागच्या भिंतीपासून कोणीतरी म्हणालं, "धुतले."

मोठ्याने नाही. लहान मूल खेळता खेळता, मान वर न करता उत्तर देतं तसं. मी मागे पाहिलं. मुग्धाताई पडद्याकडे पाहत उभ्या होत्या. त्यांच्या धाकटीने त्यांचा कोट ओढला. "हू इज दॅट, मॉम?"

"दॅट्स आई," त्या म्हणाल्या. मग, "माय आई."

पडद्यावर भाग पुढे चालला होता. खाट रिकामीच होती, पण दार लोटून घ्यायला सांगितलं गेलं, अंधार पडायच्या आत यायला सांगितलं गेलं. पहिल्या रांगेतल्या एका मुलाने दामलेबाईंना समजावलं, "सी, शी इज जस्ट इन द किचन." दामलेबाईंनी टिश्यूचा डबा बंद केला. आईबापांनी टाळ्या वाजवल्या. छान झालं, मुलांना झेपेल असं झालं, असं मला चार जणांनी सांगितलं. माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता: मुलांना खरं सांगा.

मी काकांपाशी गेले. ते वायर कोपर आणि अंगठा यांच्यामध्ये गुंडाळत होते, सावकाश, वेढ्यावर वेढा.

"काका, तुम्ही शब्द दिला होतात. फ्रेम नाही कापलीत, पण आई जिवंत ठेवलीत. त्या टीव्हीवाल्यांनी केलं तेच केलंत."

"हो ना."

"जे आहे ते आहे ना?"

त्यांनी वायर गुंडाळून संपवली, टोक आत खोचलं. "त्या भागानंतर तिला वाक्यंच नव्हती, पुणेकर," ते म्हणाले. "मी शेवटच्या भागापर्यंत पाहिलं. जपानीत पाहिलं, इंग्रजीत पाहिलं. एकही नव्हतं."

एवढंच. मग दामलेबाई आल्या आणि गोळाभाताची कृती विचारू लागल्या, आणि काका त्यांना बेसनाचे गोळे कसे वळायचे ते सांगू लागले.

माझं मत बदललेलं नाही. मुलांपासून मरण लपवू नये, आणि जाहिरातदारांनी तर नाहीच नाही. ते पत्रक मी मागे घेतलेलं नाही, पुढच्याच आठवड्यात आणखी छापून घेतलं. काकांना एक दिलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, बरोबर आहे.

रविवारी सकाळी ड्राइव्हवेत वॉनची गाडी होती. ड्राइव्हवे शोव्हल केलेला होता, आणि काकांच्या पद्धतीने नाही. कडा सरळ होत्या. मी चहा घेऊन खिडकीशी बसले, तेवढ्यात फर्नेस बंद केल्याचा आवाज आला. मी 'माइक' अंगात चढवला.

जाळीतून काका म्हणाले, "हं. ती विचारेल, मग थोडं थांब, मग बोल. घाई नाही."

"बाबा, इट्स फ्रीझिंग डाउन हिअर."

"एकदाच. मग लावतो हीटर."

कुठेतरी कळ दाबल्याचा खट्ट आवाज झाला. नळाचं पाणी वाहायला लागलं.

"हात धुतले का?"

थोडा वेळ नुसतं पाणी. मग एक बाईमाणूस, वर्षानुवर्षं न वापरलेल्या मराठीत, एकेक अक्षर जपून ठेवल्यासारखं म्हणालं, "धुतले, आई."

"छान," काका म्हणाले. आणि काही वेळाने, "परत."